आयतं ताट

बकुळनं ताटावर हात आडवा धरला आणि वाढपी खरोखरच निघून गेला. पुऱ्यांची टोपली त्याच्या डाव्या हातावर होती, उजव्या हातात दोन पुऱ्या उचललेल्या होत्या, त्यांची वाफ तिच्या मनगटाला लागलीसुद्धा होती. ती "नको, नको" म्हणाली, त्यानं पुऱ्या परत टोपलीत टाकल्या आणि पडदा सारून तो बाहेर गेला. इतकं सरळ. तिचा हात ताटावर तसाच राहिला. ताटात भोपळ्याची भाजी होती, बटाट्याचा रस्सा होता, वाटीत खीर होती, पुरी एकही नव्हती, आणि त्या सगळ्यावर बांगड्यांचा एक हात उगीच धरलेला होता. आता हा हात काढायचा कधी, हेच तिला समजेना. तो आपण काढायचाच नसतो; तो वाढणाऱ्यानं बाजूला सारायचा असतो. पहिलं "नको" म्हणायचंच असतं. त्यावर वाढणारीनं "असं कसं, एक तरी" म्हणायचं. दुसऱ्या "नको"ला हात धरून बाजूला करायचा आणि तिसऱ्याला बोटांच्या फटीतून वाढून मोकळं व्हायचं. काशीतल्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घरांमधलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आणि हा मिशीवाला, पन्नाशीचा, खांद्यावर गमछा टाकलेला माणूस, ज्याचं पोटच वाढण्यावर चालतं, तो एका "नको"वर पाठ फिरवतो? तिला आधी हसू आलं. मग तिनं हात हळूच मांडीवर घेतला आणि हसू गेलं. तिला भयंकर भूक लागली होती.

समोर यज्ञेश्वर डोळे मिटून बसला होता. चारचौघांत ती नवऱ्याला "अहो" म्हणे, घरच्यांशी बोलताना "हे" म्हणे, पण मनातल्या मनात तो फार वर्षांपासून नुसता "तो" होता. चोवीस वर्षांच्या संसारात तेवढी एक जागा तिनं स्वतःची ठेवली होती. तर तो डोळे मिटून, तळहातावरचं पाणी पिऊन, काही पुटपुटत होता. त्याच्या ताटात पुऱ्या पडल्या होत्या. त्यानं एका पुरीचे चिमुकले तुकडे मोडले आणि ताटाच्या उजव्या बाजूला, संगमरवरी टेबलावर, एकाखाली एक असे पाच मांडले. चित्राहुती. खुर्चीवर बसून, जोडे टेबलाखाली काढून ठेवून चित्राहुती. हॉटेलात बायकोला घेऊन जेवायला येणं हे सुधारकपण आणि टेबलावर देवांचे घास मांडणं हे ब्राह्मणपण, दोन्ही त्यानं बरोबर आणलं होतं आणि त्याची त्याला काही अडचण वाटत नव्हती. शाळेत तो भूमिती शिकवत असे, साहेब तपासणीला आला की इंग्रजीतून शिकवत असे, आणि घरी आला की सोवळं नेसून बसत असे. बकुळनं वाट पाहिली. आता डोळे उघडेल, समोर बघेल, म्हणेल, अगं, तुझ्या ताटात पुरी कुठे? त्यानं डोळे उघडले, घास घेतला, चावला आणि म्हणाला, "गरम आहे हं. सगळे तारीफ करतात ती काही खोटी नाही." आणि पुढचा घास घेतला.

एक्केचाळीस दिवस ती तापात होती. कार्तिकी पौर्णिमेला घाटावरून ओलेत्यानं आली आणि पडली, ती पौषातच उठली. विषमज्वर, डॉक्टर म्हणाले. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घर कसलं, दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंचा उतारा. थोरले दीर ढुंढिराज यजमानांना घाटावर नेत, त्यांचे संकल्प-श्राद्ध करवत. घरात थोरली जाऊ प्रमोदिनी रांधी, बकुळ तिच्या हाताखाली गोडधोड करी, पुऱ्या तळी आणि वाढी. रोजच्या दोन पंगती, यात्रेच्या दिवसांत चार. अकराव्या वर्षी या घरात आली तेव्हा तुपाची तामली उचलताना तिचे दोन्ही हात लागत. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी ती तामली तिच्या हातात दिली, आणि सासूबाई गेल्या तरी तामली हातातच राहिली. तापात मात्र तिला कोणीतरी काहीतरी देत होतं. पेज. प्रमोदिनी भांडं खोलीच्या उंबऱ्यावर ठेवी, ठेवताना आवाज करी आणि म्हणे, "घेऊन टाक गं, थंड होते आहे." ती थंडच असे. उंबरा खाटेपासून सहा पावलांवर होता, आणि त्या दिवसांत सहा पावलं म्हणजे पंचक्रोशीची यात्रा. कितीदा तरी ती पडल्या पडल्या भांड्याकडे बघत राही आणि दुपारी तेच भांडं प्रमोदिनी उचलून नेई. "भूक नाही म्हणते," ती खाली जाऊन सांगे. बकुळनं भूक नाही असं कधीच म्हटलं नव्हतं. राग यायलाही अंगात काही असावं लागतं, ते तेव्हा नव्हतं. आता होतं.

काल पथ्य सुटलं. संध्याकाळी यज्ञेश्वर तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसला आणि त्यानं विचारलं, "काय खावंसं वाटतं तुला?" हा प्रश्न त्या घरात तिला कोणी विचारला नव्हता. ती स्वतः हा प्रश्न दिवसातून पन्नासदा विचारी, काय हवं, भात की पोळी, कढी आणू का, आणि उत्तर यायच्या आत तिला ते कळलेलंही असे. पण उलट दिशेनं तो आला तेव्हा तिला काही सुचेना. पुरणपोळी म्हणावं? श्रीखंड म्हणावं? ते सगळं तिच्याच हातचं असणार. शेवटी ती म्हणाली, "कोणीतरी वाढलेलं." त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि एवढं श्रेय त्याला द्यायला हवं, त्याला ते समजलं. मग म्हणाला, "उद्या दोपहरी तयार रहा. घरी डॉक्टरकडे जातो म्हणून सांगू." हॉटेल त्यानं चौकशी करून निवडलं होतं. गोदौलियाच्या चौकाजवळ, माडीवर, रसोइया ब्राह्मण, बायकांसाठी पडद्याची जागा. आणि पक्की रसोई घ्यायची, पुरी, तरकारी, खीर, सगळं तुपातलं किंवा दुधातलं. भात-वरणाला शिवायचं नाही, म्हणजे बाहेर खाल्ल्याचा दोष निम्मा. परवा नाही, तेरवा नाही, आजच यायला हवं होतं, कारण उद्या सकाळच्या गाडीनं वाईची चाळीस माणसं उतरणार होती आणि उद्या दुपारी तामली पुन्हा तिच्या हातात येणार होती. असा दिवस एकच होता. त्या दिवसात जेवण एकच होतं. त्या जेवणाच्या पुऱ्या आत्ता पडद्यापलीकडे दुसऱ्यांच्या ताटांत पडत होत्या.

कारण पडद्यापलीकडे ओरडणं चाललं होतं. "ए महाराज, पूड़ी लाओ!" "तरकारी, इधर!" पुरुषांचे मोकळे, भरल्या तोंडाचे आवाज. जो ओरडे त्याच्याकडे पावलं जात. बकुळला ती पावलं ऐकून कळत होती. घरी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चाळीस पानं एका नजरेत बघत असे. कोण थांबला आहे, कोण भात कालवत बसला आहे कारण त्याला वरण हवं आहे, कोणाला तिसरा लाडू हवा आहे पण शेजारी व्याही बसले आहेत म्हणून तो लाजतो आहे. तिनं कोणाला मागू दिलं नव्हतं. चोवीस वर्षांत तिच्या वाढण्यात कोणी तोंड उघडून काही मागितलं असेल तर ते लहान मुलानं. मागायचं ते माधुकरीवाल्यानं दारात उभं राहून. पाटावर बसलेल्या माणसाला मागावं लागलं तर ती लाज वाढणारीची. आणि इथे तर मागितल्याशिवाय मिळतच नाही, आणि मागणाऱ्यांना लाजही नाही. तिला त्या वाढप्याचा इतका राग आला की तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. हा माणूस काय काय चुकला ते ती मोजू लागली, कारण हात रिकामे होते आणि काहीतरी करायला हवं होतं. भाजी वाढताना रस्सा त्यानं ताटभर पसरू दिला. खीर सगळ्यांच्या आधी आणून ठेवली, आता तिच्यावर साय धरली. मीठ तर वाढलंच नाही. मिठाची वाटी यज्ञेश्वरच्या कोपराशी ठेवून दिली, जणू घ्या तुमचं तुम्ही. मीठ न वाढता माणसाला जेवायला बसवतात? घरी असं पान वाढलं असतं तर प्रमोदिनीनं गल्लीभर केलं असतं.

आणि तरी ती हाक मारत नव्हती. "ए महाराज" हे दोन शब्द. किंवा समोरच्याला, "अहो, मला पुरी नाही." चार शब्द. ते तिच्या तोंडात येत होते आणि दातांशी थांबत होते. अकरा वर्षांची होती तेव्हा, सागरला माहेरी, लग्नाच्या आधी घरोघर तिची केळवणं झाली होती. तिच्या आयुष्यात कोणी तिला आग्रहानं वाढलं ते त्या आठ-दहा दिवसांत. शेजारच्या काकूंकडे तिनं शिकवल्याप्रमाणे पानावर हात धरला होता, आणि काकूंनी हसत हसत श्रीखंडाचा डाव तिच्या हातावरच उलटा केला होता. केवढं हसल्या होत्या सगळ्या बायका. तिनं मनगटापासून बोटांपर्यंत ते श्रीखंड चाटलं होतं आणि आई रागावली होती, रागावता रागावता हसली होती. त्या हसण्यात एक गोष्ट धरलेली होती, की ही मुलगी नको म्हणते आहे पण हिला हवं आहे, आणि आम्हाला ते माहीत आहे. ते माहीत असणं हेच सगळं होतं. मग ती इथे आली, आणि तिला काय हवं आहे हे माहीत असलेलं माणूस काशीत कोणी निघालं नाही. सगळ्यांची जेवणं होऊन, पत्रावळी उचलून, शेण फिरवून झालं की ती आणि प्रमोदिनी चुलीशी बसत, जे उरलं असेल ते घेत, प्रमोदिनी आधी. उरलेलं नेहमी थंड असे. गरम पुऱ्या तिनं हजारांनी तळल्या असतील. गरम पुरीची चव कशी असते ते तिला नीटसं सांगता आलं नसतं.

यज्ञेश्वरची तिसरी पुरी संपत आली तेव्हा वाढपी पाण्याचे आणखी पेले घेऊन आला. दोन पेले एका हातात, प्रत्येकाच्या आत एक एक बोट. त्यानं ते आदळले, पाणी सांडलं, खांद्यावरचा गमछा ओढून त्यानं टेबल पुसलं, आणि पुसता पुसता यज्ञेश्वरच्या पाचही चित्राहुती गमछ्यात गोळा करून खाली झटकल्या. ते त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. त्याला ते पुरीचे सांडलेले तुकडे वाटले, आणि दिसतही तसेच होते. पण यज्ञेश्वर खुर्चीतून अर्धा उठला.

"अरे! यह क्या किया तुमने?"

"का भइल?" वाढपी म्हणाला.

"वह देवताओं का भाग था! पोंछ दिया!"

"टेबुल पर गिरा रहा, त पोंछ दिया," वाढपी म्हणाला, आणि त्यात त्याला काही चूक दिसत नव्हती. मग तो जायला वळला. तेव्हा कुठे, देवांचा हिशेब झाल्यावर, यज्ञेश्वरची नजर समोरच्या ताटावर गेली. "अगं! तुझ्या ताटात पुरीच नाही!" तो मराठीत ओरडला, आणि लगेच हिंदीत, "इनको पूड़ी क्यों नहीं दी? ऐं? इनको खिलाने के लिए आए हैं हम यहाँ!"

"बहूजी खुदै मना कर दिहिन, हम का करीं?"

बकुळला वाटलं आपल्याला कोणी पंगतीत सगळ्यांसमोर उघडं पाडलं. मना कर दिहिन. हो, केलं. सगळं खरं होतं आणि तरी सगळं खोटं होतं. तिनं यज्ञेश्वरकडे पाहिलं. याला तरी कळेल, हा आमच्यातला आहे, पानावरचा हात म्हणजे काय ते हा जाणतो. तो म्हणाला, "तू नको म्हणालीस? मग सांगायचं नाही का!" आणि तिच्या उत्तराची वाट न बघता, "मालिक को बुलाओ!"

मालक आला. गोरा, स्थूल, कपाळावर चंदन, भांडणांची सवय असलेला माणूस. त्याच्या पाठीमागे पडदा उघडाच राहिला आणि बाहेरच्या टेबलांवरची तोंडं आत बघू लागली. बकुळनं पदर पुढे ओढला. एक्केचाळीस दिवसांत केस गळून पदराखाली काही उरलं नव्हतं, आणि ती बघणारी तोंडं तिला नको होती; तिला पुरी हवी होती. "पंडितजी," मालक शांतपणे म्हणाला, "यह होटल है. जो चाहिए, आवाज़ दीजिए, आ जाएगा. बिना माँगे हम कैसे जानें?" तो बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलत होता म्हणून बकुळला त्याचा वाढप्याहून जास्त राग आला. बिना माँगे. न मागता कळणं, त्यालाच तर वाढणं म्हणतात. बाकी नुसती ने-आण. हे तिला म्हणायचं होतं. तेवढ्यात यज्ञेश्वर ते म्हणू लागला, आणि भलतंच म्हणू लागला.

"परोसना एक शास्त्र है, समझे आप? शास्त्र! हर चीज़ की जगह तय है. नमक कहाँ, नींबू कहाँ, चटनी बाएँ, तरकारी दाहिने. हमारे यहाँ पेशवाओं के ज़माने से—" तो बोट हवेत फिरवून ताट काढून दाखवत होता, फळ्यावर वर्तुळ काढतो तसं. डावी बाजू, उजवी बाजू, क्रम, आग्रह, गृहस्थधर्म. आवाज चढत होता. त्याला मजा येत होती. हे बकुळला लख्ख दिसलं. तो तिच्यासाठी भांडत नव्हता. तिच्या रिकाम्या ताटावर पाय रोवून तो भाषण देत होता. त्या पडद्याबाहेरच्या तोंडांना, मालकाला, कदाचित आपल्या मेलेल्या बापालाही. एकदाही त्यानं म्हटलं नाही की राहू दे ते, आधी हिला पुरी आणा. चार शब्दांचं काम होतं. तिनं टेबलाखाली मुठी आवळल्या. गप्प बसा, ती मनात म्हणाली. गप्प बस. पुऱ्या येऊ देत.

हा आवाज तिला ओळखीचा होता. मामंजींचा, सासऱ्यांचा, अगदी असाच चढत असे. तिचं लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, ग्रहणानंतरची मोठी पंगत होती, वरणात मीठ कमी पडलं होतं. मामंजींनी पहिला घास घेतला, बायकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि जेवण संपल्याचं, उत्तरापोशनाचं पाणी घेऊन पानावरून उठले. त्यांच्या पंगतीतला एक उठला की पंगत उठली. मग कोणाच्या पानात काय राहिलं आहे ते बघायचं नसतं. साठ माणसं अर्धपोटी उठली. कोल्हापूरची एक गरोदर बाई दुसऱ्या ओळीत बसली होती, तिच्या हातात जिलबीचा तुकडा होता, तो तिनं परत पानात ठेवला. तिचा चेहरा बकुळ विसरली नव्हती. ती मीठ घेऊन धावत आली होती, तिच्या हातात मिठाची वाटी होती, एका चिमटीचं काम होतं, पण पुरुष उठला होता. आणि मग घरातल्या बायकांनी त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास केला, साठ पानांचं अन्न समोर असताना. पुरुषांना रागावायला काय लागतं, फक्त उठावं लागतं. राग त्यांचा, उपाशी कोणीतरी दुसरंच. तेव्हा यज्ञेश्वर वीस वर्षांचा होता. तोही त्या पंगतीत होता आणि बापापाठोपाठ तोही उठला होता.

पडदा हलला आणि वाढपी पुऱ्या घेऊन आला. मालकानं डोळ्यानं खूण केली असावी. कढईतून नुकत्या काढलेल्या, टम्म फुगलेल्या, टोपलीत एकमेकींवर चढलेल्या पुऱ्या, आणि दुसऱ्या हातात भाजीचं पातेलं. वाफ आधी आली, मग तुपाचा वास, आणि बकुळच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की जबडा दुखला. तापानंतरची भूक म्हणतात ती हीच. तिच्यात लाज उरत नाही. "लीजिए बहूजी," वाढपी म्हणाला. आता त्याचा आवाज बरा होता. ती हात आडवा धरणार नव्हती. मेली ती रीत.

"रहने दो!" यज्ञेश्वर गरजला. "अब लाए हो? इतना अपमान करके? हमको नहीं खाना तुम्हारा अन्न!" त्यानं पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं, पुटपुटला, प्यायला, आणि खुर्ची मागे सरकवून उठला. तीन पुऱ्या आणि खिरीची वाटी पोटात घालून उठला. "चल," तो तिला म्हणाला. "ऊठ."

वाढप्यानं टोपली मागे घेतली. मालक दाराशी सरकून वाट देऊन उभा राहिला. सगळ्यांना माहीत होतं की आता ती उठणार. बकुळच्या अंगालाही माहीत होतं. तिचे हात टेबलाच्या कडेला गेले, गुडघे उठायच्या बेतात आले, डोक्यावरचा पदर एका हातानं सावरला गेला. इतक्या वर्षांचं अंग, ते विचारत नाही. त्या क्षणी तिनं काही मोठं ठरवलं असं नाही. तिच्या मनात एवढंच आलं की उद्या वाईची माणसं येणार आहेत. उद्या ती दारात उभी राहून चाळीस जणांच्या पोटातली भूक ओळखणार आहे, परवाही, आणि मरेपर्यंत. आणि आज तिची स्वतःची भूक हा माणूस बरोबर घेऊन चालला आहे, जोडे शोधत, टेबलाखाली पाय फिरवत. तिला संताप आला. असा की डोळ्यांपुढे क्षणभर काही दिसेना. वाढप्याचा राग, मालकाचा राग, उंबऱ्यावरच्या पेजेचा राग, सगळे कुठे गेले, एकच राहिला, आणि त्याला समोर तोंड होतं. तिनं हात टेबलावरून काढून घेतले आणि ती नीट मागे सरकून बसली.

"पूड़ी दीजिए," ती वाढप्याला म्हणाली.

वाढप्यानं यज्ञेश्वरकडे पाहिलं.

"उधर क्या देखते हैं? थाली मेरी है."

त्यानं दोन पुऱ्या वाढल्या. "और दो," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण एवढा मोठा तिनं तो कधी ऐकला नव्हता. त्यानं आणखी दोन वाढल्या, मग न सांगता भाजी वाढली, थोडी, एका बाजूला, पसरू न देता.

"अगं," यज्ञेश्वर दबक्या आवाजात म्हणाला, "मी उत्तरापोशन घेतलं."

"दिसलं मला."

"पंगत उठली. आता तू कशी—"

"तुमचं झालं," बकुळ म्हणाली. "माझं व्हायचंय."

मालक शहाणा होता. त्यानं वाढप्याला बाहेर काढलं, स्वतः गेला आणि जाताना पडदा ओढून घेतला. यज्ञेश्वर एक जोडा पायात, एक टेबलाखाली, असा उभा राहिला. "लोक काय म्हणतील," असं काहीतरी तो म्हणाला. "ढुंढिराजदादांच्या कानावर गेलं तर," असंही म्हणाला. ती ऐकत नव्हती. तिनं पुरीत बोट खुपसलं, आतली वाफ फसकन वर आली आणि बोट भाजलं. भाजू दे. तिनं तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. गरम. टाळूला चटका बसला आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी चटक्याचंच होतं, त्याच्यात दुसरं काही शोधायला जाऊ नये. तिनं दुसरा घास घेतला. तिसरा. ती भराभर, मोठे घास घेऊन जेवत होती, कोणी बघत असताना बाईनं जेवू नये तशी. समोर तो उभाच होता. इतक्या जवळून त्यानं तिला कधी जेवताना पाहिलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं घास लहान केला नाही. भाजी चांगली होती. फक्त अळणी होती.

"मीठ वाढा जरा," ती मान वर न करता म्हणाली.

त्यानं मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली.

"हात खरकटा आहे माझा. वाढा."

मग त्यानं वाटी उचलली. चिमटीत मीठ घेतलं, जास्त घेतलं, थोडं टेबलावर सांडलं. चिमटी तिच्या ताटावर आली आणि थांबली. भाजीवर गेली, तिथून पुरीवर, तिथून खिरीच्या वाटीपाशी घुटमळली, परत वर आली. मघाशी सगळ्या हॉटेलला बोटानं ताट काढून दाखवणारा तो हात हवेतच फिरत होता आणि त्याला ताटातली एकही जागा ओळखू येत नव्हती.

"कुठे वाढू?" त्यानं विचारलं.

बकुळच्या तोंडात मोठा घास होता. तो संपेपर्यंत त्याला थांबावं लागलं.